दादाच्या नावाने दिलेली उत्तरं

मंगळवार, अकरा तारीख
दुपारचे तीन

चि. ठिपकीस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहून घाबरू नकोस. इथे सगळे धडधाकट आहेत. सगळे म्हणजे आम्ही दोघंच, तरी सगळे.

तू कशी आहेस? डोकं दुखायचं थांबलं का? नवा चष्मा डोळ्यांवर असतो की पर्समध्येच झोपलेला असतो? जावईबापूंच्या पाठीचा पट्टा एव्हाना सुटला असेल. त्यांना म्हणावं, कपाटं एकट्याने सरकवायचं वय गेलं, कपाट कुठे पळून जात नाही. छोटीचा खोकला गेला का? सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं, ते ठरल्याप्रमाणेच ना? आणि तुमच्या जिन्यातली ती एका कानाची मांजर, तिला पिल्लं झाली का?

एवढं वाचून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. ज्या काकाने नऊ वर्षांत एक फोन केला नाही, त्याला पट्टा कसा कळला, खोकला कसा कळला? बाबांनी सांगितलं असेल, अशी तू स्वतःची समजूत घालशील. ती समजूत मला पुढे मोडायची आहे. पण जरा दम धर. मी सरळ रस्त्यानेसुद्धा वळसा घालून जाणारा माणूस, तुला ठाऊकच आहे.

आधी घरचं सांगतो. घर तेच, दोन खोल्या आणि मधली पातळ फळी. दादाच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं करू देत नाही. म्हणतो, एका डोळ्याने रेघ सरळ दिसते, दोन डोळ्यांनी माणसं दिसतात, मला रेघ पुरे. दुकानांच्या पाट्या आता कुणी रंगवून घेत नाही. नव्या इमारतीतल्या दारांवरचे आकडे मात्र आम्हीच घातले, चौसष्ट दारं. दादा खडूने कडा काढून देतो, मी आत रंग भरतो. पन्नास वर्षं हेच चाललंय आणि कोपऱ्यात नाव पेंटर मास्तरचं, म्हणजे दादाचं. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. कुणी "सुंदर अक्षर आहे हो" म्हटलं की दादा मान हलवायचा आणि मी मागे शिडी धरून सुखावायचो.

हे मुद्दाम सांगतोय. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे, निदान मी माझी तशी समजूत घातली आहे.

दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरची झेरॉक्सवाली मला म्हणाली, "काका, तुमच्या पाट्या एकेक करून उतरतायत, फोटो तरी काढून ठेवा." मी फोन घेतला. चौथीत शाळा सुटलेला माणूस मी, वाचायला शिकलो ते पाट्यांवरून. तसाच हाही शिकलो, चुकत चुकत. एकदा तिच्या नवऱ्याला चुकून मीच फोन लावला आणि तो उचलेपर्यंत "कोण बोलतंय, कोण बोलतंय" विचारत बसलो. मग तिने मला फोटो टाकायला सोशल मीडियावर पान उघडून दिलं. नाव विचारलं, मी "पेंटर मास्तर" सांगितलं. दुसरं नाव सुचलंच नाही. फोटो दादाचा लावला, पाठमोरा, शिडीवरचा.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "मला त्यातलं काही दाखवायचं नाही." दाखवलं नाही. तो पलीकडच्या खोलीत खिडकीशी बसायचा आणि मी अलीकडे लोकांचं कौतुक वाचायचो. अनोळखी माणसं लिहायची, मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही. मी उत्तर द्यायचो, धन्यवाद. दादाच्या वतीने. शिडी धरावी तसं.

आणि मग आठ महिन्यांपूर्वी केशकर्तनाच्या दुकानाच्या पाटीखाली कुणीतरी लिहिलं, "या अक्षरांची सावली निळी होती. आता उडाली." ती सावली निळी होती हे आता जगात तीनच माणसांच्या लक्षात असेल. निळा डबा तूच सांडला होतास, म्हणून करड्याऐवजी निळी केली. थोड्या वेळाने तुझा खासगी निरोप आला. "बाबा, हे तुम्हीच आहात का?"

ठिपकी, मी लिहायला हवं होतं, नाही बाळ, मी काका. मी तसं लिहिलंही, देवाशपथ, आणि पुसलं. काका म्हटल्यावर तू निघून जाशील असं वाटलं. त्या फळीपलीकडे दादा खोकत होता. मी लिहिलं, "हो."

एकच शब्द. दादाही एवढंच म्हणाला असता. मी स्वतःला सांगितलं, कडा त्याच्याच आहेत, मी फक्त आत रंग भरला.

तीन मिनिटांनी तू लिहिलंस, "जेवलात का?"

तेव्हापासून तू ज्याच्याशी बोलते आहेस तो मी आहे. बाबा नाही. तुझ्या छोटीचं पहिलं चित्र मी पाहिलं. तुझी नोकरी जाता जाता राहिली तेव्हा "धीर सोडू नकोस" मी म्हटलं. सासूबाईंशी खटका उडाला तेव्हा "दोन दिवस गप्प राहा, तिसऱ्या दिवशी त्याच बोलतील" हेही माझंच, आणि त्या बोलल्या याचा मला कोण आनंद झाला होता. घसा बसलाय म्हणून आवाज पाठवता येत नाही, डोळ्याला उजेड सहन होत नाही म्हणून चेहरा दाखवता येत नाही, तेही सगळं माझंच. चार महिने बसलेला घसा जगात कुणाचा असतो ग? तू विश्वास ठेवलास कारण तुला ठेवायचा होता.

थांबून पाणी पिऊन आलो.

सुरुवातीला मी दादासारखं मोजकं लिहायचो. पुढे माझी बडबड त्यात शिरली. तू एकदा लिहिलंस, "बाबा, तुम्ही किती बदललात. समोर असताना दिवसाला चार वाक्यं बोलायचात. हे सोशल मीडिया नसतं तर मला माझे वडील कळलेच नसते." आणि खाली विचारलंस, "उद्या हे सगळं बंद झालं तर लोक राहू शकतील का हो त्याच्यावाचून?" मी दादाच्या थाटात लिहिलं, "मी राहिलोच की इतकी वर्षं." ते तेवढं एक उत्तर खरं होतं. तो राहतोय, फळीपलीकडे. मला मात्र राहता येत नाही. फोन खिशात थरथरला की माझ्या हातातला ब्रश हलतो. चार्जिंग उतरलं तर तू काळजी करशील म्हणून मी गावाबाहेर जात नाही. दुपारची झोप गेली, कारण तुझी जेवणाची सुटी तेव्हाच असते. ओल्या रंगावर माशी बसते तसं झालंय. एक पाय सोडवायला दुसरा टेकवते, आणि तोही अडकतो.

सगळ्यात वाईट दिवस तुला सांगतो. तू विचारलंस, "काका कसा आहे?" आता माझ्याबद्दल मीच काय लिहू? लिहिलं, "आहे. तोंड चालूच असतं." तू हसण्याचं चित्र पाठवलंस. मग लिहिलंस, "तुम्ही रागावलात ते मला कळलं होतं बाबा. काकाचं कळलं नाही. तो तिथेच होता. एक शब्द बोलला नाही."

होतो. तिथेच होतो. जेवणं झाली होती. तू सांगितलंस की बेकरीवर लावलेला छापील बोर्ड तू तयार केलास, तुझ्या कंपनीतलं पहिलं काम. बेकरीची पाटी दादाची होती, बावीस वर्षं, दर दोन वर्षांनी रंगाचा नवा हात. तो म्हणाला, "माझ्या अक्षरांवर प्लास्टिक चिकटवलंस." तू म्हणालीस, "अक्षरं तुमची बाबा, पण दुकान त्यांचं आहे. त्यांना हवं होतं ते मी केलं." तो म्हणाला, "मग जिथे हवी आहेस तिथेच राहा." तू माझ्याकडे पाहिलंस. चांगलं पाहिलंस, वाट बघत. तुझी आई गेल्यापासून तुझी वेणी मी घालत होतो. मला माहीत होतं तुझं बरोबर आहे, आणि मला माहीत होतं तो आतून कोसळलाय. मी हातातल्या डब्याकडे बघून म्हणालो, "ब्रश वाळतील."

नऊ वर्षं ते दोन शब्द माझ्या घशात आहेत. फोन का केला नाही विचारशील तर त्यामुळेच. आणि मग तू फोनवर "बाबा" अशी हाक मारलीस, तर मी बाबाच्या आडून बोलू लागलो. स्वतःच्या तोंडाने बोलायची हिंमत नव्हती म्हणून. ही झाली खरी गोष्ट. मघाचं ते शिडीचं आणि रंग भरण्याचं आहे ते अर्धंच खरं.

आता तू तेवीस तारखेची तिकिटं काढली आहेस. छोटीला घेऊन येते म्हणालीस आणि मी लिहिलं, "ये. घर तुझंच आहे." अंगठा थांबलाच नाही. इकडे आड तिकडे विहीर. तू दारात उभी राहशील, "बाबा" म्हणशील, आणि समोरच्या माणसाला खोकला, पट्टा, छोटीचं नाव, काहीही माहीत नसेल.

परवा मी दादाला आडून विचारलं. आकड्यांचे साचे पुसत बसलो होतो. म्हटलं, "समजा, पोर कधी आलीच तर?"

त्याने साचा उलटून दुसरी बाजू पुसली. मग म्हणाला, "यायला तिने आधी विचारायला हवं. नऊ वर्षांत एक ओळ नाही आली."

ठिपकी, त्या क्षणी मला कळलं मी काय करून बसलोय. तुला खोटा बाप दिला, ते एक. पण त्याच्या वाट्याच्या तुझ्या ओळी मी खाल्ल्या. आठ महिने रोज त्याची लेक त्याला विचारत होती, जेवलात का, आणि हो म्हणून मी ढेकर देत होतो. तो फळीपलीकडे उपाशी.

हे फोनवर लिहायचा चारदा प्रयत्न केला. तिथे काहीही लिहिलं तरी वर नाव आणि फोटो दादाचा येतो. "मी बाबा नाही" असं बाबाच सांगतायत. तुला वाटलं असतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. माझ्या नावाचं तिथे काही नाहीच. म्हणून हा कागद. उद्या टाकतो पेटीत. पाच-सहा दिवस लागतील. तोवर तू विचारशील त्याला मी "हो" आणि "बरं" एवढंच लिहिणार. दुसरं काय करू? गप्प बसलो तर तू घाबरशील.

दादाला सांगायचं बाकी आहे. आधी तुला सांगितलं, कारण तिकीट तुझ्या हातात आहे.

बुधवार, दुपार

काल पत्र पुरं करून पाकिटावर पत्ता घालत होतो. मागे दादा कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.

"कुणाला एवढं? जन्मात इतकं लिहिलं नाहीस."

मी म्हटलं, "ठिपकीला." नऊ वर्षांत या घरात ते नाव मोठ्याने पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

तो ओरडेल वाटलं होतं. त्याने चष्मा पुसला, पाकीट हातात घेतलं, ओळीखाली बोट फिरवलं आणि विचारलं, "पत्ता कुठून आला?"

झालं. पत्ता कुठून आला याला खोटं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो तूच बाबांना कळवला होतास. सांगितलं सगळं, उभ्या उभ्याच. तो बाकावर बसला. म्हणाला, "वाच."

"काय वाचू?"

"तिचं. पहिल्यापासून."

मी वाचायला लागलो. तुझं वाचलं की तो गप्प. माझं उत्तर वाचलं की म्हणे, "हे मी म्हणालो नसतो." "काळजी घे"वर तर भडकलाच. "काळजी घे? मी? मी कधी कुणाला काळजी घे म्हटलंय?" म्हटलं, "नाही म्हटलंस, म्हणून तर." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाचायला घेतलं. छोटीचं चित्र त्याने फोन डोळ्याला लावून पाहिलं, चालत्या डोळ्याला. म्हणाला, "हात मोकळा आहे." मग तिचं नाव विचारलं. सांगितलं. पुन्हा विचारलं.

"ये, घर तुझंच आहे" हे त्याने मला तीनदा वाचायला लावलं.

"कुणाला विचारून लिहिलंस?"

"कुणालाच नाही."

त्याने माझ्या हातातून फोन घेतला. "आजपासून माझ्या नावाने एक अक्षर लिहायचं नाही."

"दादा, ती घाबरेल रे."

"घाबरू दे. मी काय नऊ वर्षं मजेत होतो?"

बोलून गेला आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

कालपासून फोन त्याच्याजवळ आहे. आज सकाळपासून तुझे निरोप येतायत. थरथरला की तो मला हाक मारतो, "वाजलं." मी जातो, उघडतो, वाचतो. तो म्हणतो, "ठेव." मी ठेवतो. काच काळी होते. पाच मिनिटांनी पुन्हा विचारतो, "वाजलं का?" नाही म्हटलं तर म्हणतो, "नीट बघ." जो आयुष्यभर त्याच्यावाचून राहिला, तो काल संध्याकाळपासून त्याच्यापासून हलत नाही. जेवणही तिथेच मागितलं.

"बाबा?" असं तू नऊ वाजता लिहिलंस. दहाला "बरे आहात ना?" साडेअकराला तू फोनच केलास. दादा उभा राहिला. फोन हातात धरून, वाजत होता तोवर उभाच राहिला. मी म्हटलं, "घे ना रे." तर म्हणाला, "काय बोलू? तिला वाटतंय मी आठ महिने बोलतोय." फोन थांबला. मग हळूच म्हणाला, "ते तू लिहिलेलं मला येत नाही."

माझ्या चांगुलपणाने मी त्याच्या तोंडाला कुलूप लावलं, ठिपकी. आधी तो रुसून गप्प होता, आता लाजून गप्प आहे. मी लिहिलेल्या बाबापुढे त्याला स्वतःतला बाबा तोकडा वाटतोय. तुला आधी सगळं कळल्याशिवाय तो "हॅलो"सुद्धा म्हणू शकत नाही, आणि कळायला हे पत्र पोचायला हवं.

पत्र टाकून येताना मी झेरॉक्सवालीकडे थांबेन आणि तिच्या फोनवरून तुला एवढंच कळवेन की दोघं बरे आहेत, काकाचं पत्र येतंय. त्याहून जास्त एक शब्द नाही. तो निरोप तुला मिळालाच असेल.

तिकिटांचं त्याला विचारलं. "तेवीस तारीख आहे, काय लिहू?" म्हणाला, "तू पुष्कळ लिहिलंस. आता तिला ठरवू दे." ये म्हणाला नाही. नको म्हणाला नाही. मी त्यात रंग भरणार नाही. जसं बोलला तसं दिलंय.

माझ्यावर रागव. तो तुझा हक्क आहे, आणि मी तो चुकवणार नाही. येऊन तोंडावर बोललीस तरी ऐकेन, नाही आलीस तरी समजेन. पण माझ्या चुकीचा हिशेब त्याच्याकडे लावू नकोस. त्याने तुला फसवलं नाही. त्याला तर कालच कळलं की त्याची मुलगी रोज विचारते, जेवलात का.

लिही. कागदावर लिही नाहीतर फोनवर, पण या वेळी त्याला लिही, खऱ्याला. मी जसंच्या तसं वाचून दाखवेन. आणि बाळ, लवकर लिही. तो फोन घेऊन बसलाय, आणि त्याला तो उघडता येत नाही.

तुझा,
काका